दहापैकी दोन पुस्तकं अनोळखी

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याची धाटणी बहुतांशी तशीच ठेवली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय दिला होता, 'वाचनसंस्कृती'. मी म्हटलं, हा विषय मला नको. मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, साहित्यिक नाही. शिवाय या विषयावरची भाषणं कशी होतात ते तुम्हाला माहीत आहे. वक्ता सांगतो की सगळ्यात आधी अवतरलेला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच. आपण माना डोलावतो, टाळ्या होतात, चहा येतो. घरी गेल्यावर आपण आधी जे वाचत होतो तेच वाचतो, किंवा काहीच वाचत नाही. म्हणून मी विषय थोडा बदलून मागितला. आज आपण काय वाचतो यावर नाही, काय वाचत नाही यावर बोलू.

सुरुवात माझ्यापासून करतो, म्हणजे मी उपदेश करतोय असं वाटणार नाही.

दोन खोकी पुस्तकं

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात घर बदललं. पुस्तकं भरायला दोन खोकी लागली. मला वाटलं, वा, बरंच वाचतो आपण. सामान हलवायला ऑफिसमधला एक मित्र आला होता, नांदेडकडचा. खोकी लावता लावता तो म्हणाला, "तुझ्याकडे गोष्टीचं एकही पुस्तक नाही रे?"

मी बघितलं. तीन गठ्ठे होते. पहिला प्रोग्रामिंगचा आणि मुलाखतीच्या तयारीचा. दुसरा पैसे कसे वाढवावेत, सवयी कशा बदलाव्यात या पुस्तकांचा. तिसरा दीनी पुस्तकांचा, आणि त्यातही निम्मी पुस्तकं इस्लामवरच्या आक्षेपांना उत्तरं देणारी. कादंबरी नाही, कविता नाही, बाईनं लिहिलेलं एकही पुस्तक नाही. दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या माणसानं स्वतःच्या जगण्याबद्दल लिहिलेलं तर नाहीच नाही.

तिसऱ्या गठ्ठ्याबद्दल मी वाईट बोलत नाही. ती पुस्तकं अजून माझ्याकडे आहेत. पण मी ती का वाचत होतो हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणी काही विचारलं तर उत्तर तयार हवं, म्हणून. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ही भीती माहीत असेल. कोण कधी काय विचारेल सांगता येत नाही. मग आपण वाचतो ते खटला लढवण्यासाठी. वकील कागद वाचतो तसं. त्यात आपल्याला उपयोगी पडणाऱ्या ओळींवर खुणा होतात, बाकीचं पुस्तक तसंच राहतं.

मशीन काय करतं

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. ऑनलाइन दुकानात एखादं पुस्तक बघितलं की खाली येतं, 'तुम्हाला हेही आवडेल'. अशा प्रणालीवर मी काही काळ काम केलं आहे. तिची ढोबळ रीत सोपी असते. एक मोठा तक्ता समजा. आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत पुस्तकं. तुम्ही काय घेतलं, काय उघडलं, कुठे थांबलात याच्या नोंदी त्यात असतात. मशीन तुमच्यासारखी माणसं शोधतं आणि त्यांनी घेतलेलं तुम्हाला दाखवतं. व्हिडिओचंही साधारण असंच.

म्हणजे तुम्ही जसे आहात तसेच तुम्हाला परत मिळत राहता. जे पुस्तक पहिली पन्नास पानं कंटाळा आणेल, त्रास देईल आणि नंतर तुम्हाला बदलून टाकेल, ते मशीनला कसं कळणार? तुम्ही दहाव्या पानावर थांबलात एवढंच त्याला दिसतं.

पण यात एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. अशा प्रणाली बनवणाऱ्यांना हा दोष माहीत आहे. फक्त आवडतं तेच दाखवत राहिलं तर प्रणाली आंधळी होते, माणसाला आणखी काय आवडू शकतं हे तिला कधीच कळत नाही. म्हणून अनेक ठिकाणी मुद्दाम थोडा वाटा अनोळखी गोष्टींसाठी राखून ठेवतात. बहुतेक वेळा ओळखीचं दाखवायचं, अधूनमधून भलतंच काहीतरी. ते बऱ्याचदा फसतं, पण त्यातूनच नवं काही सापडतं.

मशीनला जी शिस्त लावावी लागते ती मी स्वतःला लावली. दहा पुस्तकांत दोन अनोळखी. आठ तुमची, तुमच्या कामाची, परीक्षेची, दीनची. दोन अशी की ज्यांचा प्रकार किंवा लेखक तुम्ही कधी हातात घेतला नाही. आजच्या भाषणात एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

बलुतं

माझं पहिलं अनोळखी पुस्तक त्याच मित्रानं दिलं. दया पवार यांचं 'बलुतं', 1978 साली आलेलं. दोन महिने ते टेबलावर पडून होतं. मनात म्हटलं, दलित आत्मकथन आहे, महत्त्वाचं असेल, पण यात आपलं काय?

एका रविवारी उघडलं. पुस्तकाची मांडणीच अशी आहे की दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच. दगडू म्हणजे गावातला, महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला. दया म्हणजे शिकलेला, नोकरी करणारा, पांढरपेशांत उठबस असलेला. एक दुसऱ्याला सांगतोय की तू काय काय विसरून बसलायस.

मी पुस्तक खाली ठेवलं, कारण मला माझा दगडू आठवला.

आम्ही पिंजारी. कुणी नदाफ म्हणतं, कुणी मन्सूरी. आज्जा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव कापूस पिंजत फिरायचे. अब्बांच्या काळात मशीन आलं, दुकान झालं, पण काम तेच. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, भरायचा, दोरे घालायचे. संध्याकाळी अब्बा घरी यायचे तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर कापूस असायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी होस्टेलवर ओळख करून देताना कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, "कॉटनच्या बिझनेसमध्ये आहेत." चार वर्षं सगळे समजत होते की आमची जिनिंग मिल आहे. मी कुणालाही घरी येऊ दिलं नाही.

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. 'बलुतं' लिहिणाऱ्या माणसानं याहून कितीतरी जड गोष्टी, स्वतःच्या चुका आणि स्वतःची लाज सगळ्या महाराष्ट्रासमोर ठेवली होती. पुढच्या ईदला गावी गेलो तेव्हा अब्बांना सांगितलं. ते गादीला दोरा घालत होते. वर न बघता म्हणाले, "मेरे कू मालूम था रे. तेरे एक दोस्त का फोन आया था, मिल का पत्ता पूछ रहा था." मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? "बोला, मिल बंद है."

माझं खोटं त्यांनी चार वर्षं सांभाळलं होतं.

आपण स्टेजवरून सांगतो की आपल्यात जात नाही. दीनमध्ये नाहीच. पण रिश्ता जुळवताना पहिला प्रश्न काय असतो? बिरादरी कोणती? बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, फकीर, कसाई, हे शब्द घरात कोणत्या सुरात उच्चारले जातात ते प्रत्येकानं ऐकलंय. मी त्याबद्दल आधी विचार केला नव्हता, कारण मी वाचत असलेल्या पुस्तकांत तो प्रश्नच नव्हता. तो मला दुसऱ्याच्या पुस्तकात सापडला. 'यात आपलं काय' असं ज्या पुस्तकाबद्दल मला वाटलं होतं, त्यात माझंच घर निघालं.

हलकं वाचन

अनोळखी म्हणजे गंभीरच असं नाही. अब्बा फारसे शिकलेले नाहीत, पण दुकानात गल्ल्याखाली त्यांच्या उर्दू जासूसी कादंबऱ्या असायच्या. इब्ने सफी. मला त्याची लाज वाटायची. अमुक एकाचे वडील वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतात आणि आमचे हे.

त्या ईदनंतर मी इब्ने सफी वाचायला घेतले. 1952 साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली. लेखकाचं खरं नाव असरार अहमद. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं दोन्हीकडे निघत राहिली आणि वाचकांनी सरहद्द मानली नाही. हिंदी आवृत्तीत कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला, त्याचा साथीदार हमीद मात्र हमीदच राहिला. हिंदी वाचणाऱ्या घरांत विनोद, उर्दू वाचणाऱ्या घरांत फरीदी, गुन्हेगार एकच.

मराठीत त्याच सुमारास बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा घराघरांत वाचल्या जात होत्या. त्यांनी हजाराहून जास्त लिहिल्या. ज्या माणसानं आयुष्यात दुसरं काही वाचलं नसतं त्याला या लेखकांनी पान उलटायला शिकवलं. तुमच्या घरात कुणी 'हलकं' वाचत असेल तर नाक मुरडू नका, एक पुस्तक मागून घ्या. अब्बा आणि मी आता फोनवर खुनी कोण यावर वाद घालतो. पूर्वी आमचं बोलणं 'जेवलास का' आणि 'पैसे पाठवले' यापुढे जात नव्हतं.

1905 सालची विज्ञानकथा

मुलींना एक विचारतो. विज्ञानकथा म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? इंग्रजी सिनेमातला गोरा माणूस आणि रॉकेट. आता हे ऐका. 1905 साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात 'सुलतानाज ड्रीम' नावाची कथा आली. लेखिका बंगालमधली मुस्लिम बाई, रुकैया सखावत हुसेन, जिला आपण बेगम रुकैया म्हणतो. कथेत स्त्रियांचा देश आहे. तिथल्या विद्यापीठांतल्या बायका ढगांतून पाणी ओढून घेतात, सूर्याची उष्णता साठवतात, त्यावर स्वयंपाक होतो, हवेतून गाड्या चालतात. आणि पुरुष? ते घरात, पडद्यात. जनान्याऐवजी मर्दाना.

ही बाई शाळेत गेलेली नव्हती. घरात मुलींना बंगाली आणि इंग्रजी शिकवायला मनाई होती, मोठ्या भावानं रात्री चोरून शिकवलं. पुढे 1911 साली तिनं कोलकात्यात मुस्लिम मुलींची शाळा सुरू केली ती आठ मुलींवर. मला वाटतं, शाळा काढण्याआधी तिला ती कल्पनेत दिसली असणार. कथा-कादंबरीला आपण टाइमपास म्हणतो. पण जे अजून नाही ते डोळ्यांसमोर आणायची सवय गोष्टीतूनच लागते. आपल्या समाजाचं पुढे काय होणार यावर आपण रात्र रात्र बोलतो, पण तक्रारीपलीकडचं चित्र काढा म्हटलं तर गप्प होतो. त्याचा सराव कुठे केलाय आपण?

तुमचे दोन प्रश्न

सकाळच्या गटचर्चेत दोन प्रश्न आले. ते टाळणार नाही.

पहिला : भलतंसलतं वाचून ईमान कमजोर होणार नाही का?

प्रश्न प्रामाणिक आहे. मी आलिम नाही, इतिहासातली दोन माणसं सांगतो. अल्बेरुनी महमूद गझनीच्या काळातला, म्हणजे इथल्या शहरांवर स्वाऱ्या होत होत्या तेव्हाचा. त्या काळात हा माणूस संस्कृत शिकला, पंडितांकडे बसून ग्रंथ वाचले, पतंजलीचं योगसूत्र अरबीत नेलं आणि 1030च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. आपण खंडन करायला बसलेलो नाही, हे लोक काय मानतात ते मांडायला बसलो आहोत, अशी भूमिका त्यानं सुरुवातीलाच घेतली. त्याचा इस्लाम कुठे गेला नाही. दुसरा अल-ख्वारिझ्मी, नवव्या शतकातला बगदादचा. भारतीय अंकपद्धतीवर त्यानं पुस्तक लिहिलं. मूळ अरबी प्रत उरली नाही, लॅटिन भाषांतरातून ते युरोपात पोहोचलं. त्याच्याच नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. आज आपल्याला एकाच कोपऱ्यात बसवून ठेवणाऱ्या यंत्राला ज्याचं नाव मिळालं, तो स्वतः दुसऱ्यांचं ज्ञान आनंदानं घेणारा होता.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे : आपण सगळ्यांचं वाचायचं, आपलं कोण वाचतं?

तक्रार खरी आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत, दिवाळी अंकांत आपण किती दिसतो ते मलाही दिसतं. पण दोन गोष्टी सांगतो. वाचणारे होते, ते आपल्याला माहीत नाहीत. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचं पुस्तक लिहिलंय. यू. म. पठाणांनी आयुष्य संतसाहित्याच्या अभ्यासात घालवलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहून गेले, आणि आजही वारकरी त्यांना संत मानतात.

दुसरी गोष्ट, आपलं आपण तरी वाचतो का? इथे हात वर करा म्हणत नाही, मनात उत्तर द्या. हमीद दलवाई हे नाव सगळ्यांनी ऐकलंय. कुणी शिवीसारखं घेतं, कुणी घोषणेसारखं. त्यांचा 'लाट' कथासंग्रह किती जणांनी वाचलाय? 'इंधन' ही 1965 सालची कादंबरी? आजारी माणूस बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांसमोर गाव पेटत जातं. त्यांचे विचार पटोत न पटोत, त्या कादंबरीतलं गाव तुमच्या ओळखीचं निघेल. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्यामागे असलेल्या फकरुद्दीन बेन्नूर सरांची पुस्तकं आपल्या किती घरांत आहेत? शेजारच्या कर्नाटकात बानू मुश्ताक अनेक वर्षं मुस्लिम बायकांच्या कथा कन्नडमध्ये लिहीत होत्या. 2025 साली 'हार्ट लॅम्प'ला, दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादाला, आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा आपण स्टेटस ठेवले. हसन आपल्यापासून किती लांब आहे? लंडनहून तर जवळच आहे.

म्हणून, 'आपलं कोण वाचतं' याचा हिशेब जरूर मागू. पण तो फिटेपर्यंत वाचन बंद ठेवलं तर नुकसान आपलंच आहे. आणि आपल्यातून लिहिणारे हवे असतील तर आधी सगळ्या तऱ्हेचं वाचणारे हवेत. फक्त खटल्याचे कागद वाचून गोष्ट लिहिता येत नाही.

कसं करायचं

आता कामाचं बोलतो.

एक, पन्नास पानं द्या. अनोळखी पुस्तक दहाव्या पानावर सोडू नका. पन्नासनंतरही नको वाटलं तर बिनधास्त सोडा, गुन्हा नाही. माझी बरीच अशी सुटली आहेत.

दोन, विकत घेण्याआधी गावचं सार्वजनिक वाचनालय बघा. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे आणि वाचनालयं तालुक्यातालुक्यांत आहेत. आपल्या मोहल्ल्यातली मुलं तिथे कमी दिसतात. मुलींना अनेकदा 'तिथे कशाला' म्हणून अडवलं जातं. दोघी-तिघींनी मिळून जा. ग्रंथपालांना सांगा, मी आजवर हे वाचलंय, यापेक्षा अगदी वेगळं काहीतरी द्या. हे ते मशीन करत नाही.

तीन, अनुवाद वाचा. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, त्यांतून मल्याळी, बंगाली, कन्नड घरं मराठीत येतात. उर्दू बोलता येतं पण लिपी येत नाही, अशी आपल्यात निम्मी मुलं असतील. 'रेख्ता'वर बरंच साहित्य देवनागरीत आहे. लिपी येत नाही म्हणून घरातली भाषा सोडू नका.

चार, जोडीनं वाचा. एक पुस्तक, दोन माणसं, आणि दुसरा शक्यतो तुमच्यासारखा नसावा. त्या नांदेडच्या मित्राला मी इस्मत चुगताई वाचायला दिली. आता हिशेब बरोबरीत आहे.

पाच, नाव झाकून बघा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. नंतर कळलं की ते जयंत विष्णु नारळीकर होते. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं, आपल्या प्रसिद्धीमुळे परीक्षकांचं मत बदलू नये म्हणून. त्यांना मोठं नाव झाकावं लागलं. आपल्याला माहीत आहे की काही नावं बघून माणसं पुस्तक उघडतच नाहीत. आपणही तसंच करतो.

म्हणून आज मागच्या टेबलावर आम्ही तीस पुस्तकं ठेवली आहेत, सगळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वर फक्त प्रकार लिहिलाय : रहस्यकथा, प्रवास, कविता, आत्मकथन, विज्ञानकथा, नाटक. लेखकाचं नाव नाही. जाताना प्रत्येकानं एक घ्यायचं, आणि तुम्ही नेहमी वाचता तो प्रकार घ्यायचा नाही. पन्नास पानं वाचून पुढच्या महिन्याच्या बैठकीत परत आणायचं. आवडलं नाही तर का नाही ते सांगायचं, तेही तितकंच ऐकायचं आहे.

त्यांतल्या एका पुस्तकाला उर्दू वर्तमानपत्राचा कागद आहे आणि तो जरा जास्तच घट्ट शिवल्यासारखा बांधलाय. ते अब्बांनी दिलंय. प्रकार रहस्यकथा. खुनी कोण ते मला फोन करून सांगू नका, माझं अजून वाचायचं राहिलंय.